मात्रेची जागा : खिळ्यापासून पडद्यापर्यंत

'तलमडुगु' हे नाव मराठीत लिहून पाहावे. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या आदिलाबाद जिल्ह्यातील, आज तेलंगणात असलेल्या एका मंडळाच्या मुख्य ठिकाणाचे हे नाव. अक्षरे पाच, त्यांतील पहिली तीन निराधार उभी राहणारी, शेवटच्या दोहोंना मात्र उकार. 'गु'चा उकार काढताना हात आपोआप ग च्या दंडाच्या पायथ्याशी जातो. 'डु'मध्ये तशी सोय नाही. ड ला पायापर्यंत उतरणारा दंड नसल्यामुळे तोच उकार वाटोळ्या पोटाखाली लोंबतो. हेच नाव तेलुगूत लिहिले तर दोन्ही उकार खाली न जाता अक्षरांच्या उजव्या अंगाला येतात. उच्चार एकच, चिन्हाचे काम एकच, परंतु त्याची जागा लिपीनुसार बदलते, आणि एकाच लिपीत अक्षरानुसार बदलते. लिहिणाऱ्याला मात्र ही जागा मोजावी लागत नाही. कागदाच्या कडेपासून किती अंतरावर उकार द्यायचा, असा विचार कोणी करीत नाही. अक्षर जिथे असेल तिथून तो मोजला जातो.

ही गोष्ट इतकी साधी आहे की तिला इतिहास असेल असे वाटत नाही. परंतु हाताने सहज साधणारे हे माप यंत्राला शिकवण्यात पावणेदोनशेहून अधिक वर्षे गेली. त्या काळात मराठी छापण्याची रीत अनेकदा बदलली, आणि एक वेळ अशीही आली की यंत्र बदलण्याऐवजी लिपीच बदलावी, असे शहाण्यासुरत्या माणसांना वाटले. मात्रेच्या जागेचा हा इतिहास थोडक्यात मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. देवनागरीत मूळ अक्षर हे आधार असते. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, रफार ही त्याच्या आश्रयाने राहणारी चिन्हे. प्रत्येकाची बसण्याची दिशा ठरलेली आहे, पण नेमकी जागा आधारावर अवलंबून असते. 'रु'मध्ये उकार पायाशी न जाता र च्या कमरेशी जातो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर आधी काढावी लागते. रफाराची गोष्ट याच्या उलट : 'कीर्ती'मध्ये र चा उच्चार त च्या आधी आहे, पण त्याची खूण त ला ओलांडून दीर्घ वेलांटीच्या माथ्यावर जाऊन बसते. 'शर्तींनी' हा शब्द घेतला तर एकाच अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे येतात. येथे तिसऱ्या चिन्हाची जागा अक्षरावरून ठरत नाही, ती आधीच्या चिन्हावरून ठरते. म्हणजे आश्रिताचाही कोणी आश्रित असतो.

पोथी लिहिणाऱ्या लेखकाला या साऱ्याची अडचण नव्हती. बोरूचे टोक अक्षरावरून उचलून पुन्हा अक्षरावरच टेकवायचे होते. अडचण आली ती सुट्या खिळ्यांबरोबर. युरोपात घडलेल्या मुद्रणकलेचे मूलतत्त्व असे की प्रत्येक अक्षर हे धातूच्या एका चौकोनी ठोकळ्यावर उभे असते, आणि ठोकळे एकापुढे एक लावीत गेले की ओळ तयार होते. अक्षराची जागा त्याच्या आधीच्या ठोकळ्यावरून ठरते. रोमन लिपीत अक्षरे बहुतांशी एका रांगेत शेजारी शेजारी उभी असल्यामुळे हे तत्त्व तिला चपखल बसले. देवनागरीतील मात्रा मात्र अक्षराच्या शेजारी नसते. ती त्याच्या डोक्यावर किंवा पायाखाली असते, म्हणजे दुसऱ्याच्या ठोकळ्याच्या हद्दीत.

यावर पहिला उपाय सुचला तो सरळ होता : प्रत्येक अक्षर त्याच्या मात्रेसकट ओतावे. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांसाठी पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने नागरीचे पंच कोरायला घेतले, तेव्हा सातशेच्या घरात पंच लागतील असा अंदाज होता. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली याच छापखान्यातून नागरी खिळ्यांत निघाले, तर १८१० सालच्या मराठी कोशासाठी मोडीचे खिळे वापरले गेले. मराठीचे मुद्रण मराठी मुलखाबाहेर, बंगालात, अशा रीतीने आकाराला येत होते.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. या निवडीमागे खर्चाचा विचार असणारच; परंतु तिचा एक परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगा आहे. शिळाछापात मजकूर हातानेच लिहिला जातो आणि तोच दगडावर उतरतो. म्हणजे मात्रेची जागा ठरवण्याचे काम पुन्हा हाताकडे येते, आणि यंत्राकडे फक्त प्रती काढण्याचे काम उरते. मोडी आणि नागरीच्या वाचकाला शिळाप्रेसचा छाप परिचित हस्ताक्षरासारखा वाटला असेल तर त्यात नवल नाही. निजामाच्या राज्यात, ज्यात त्या काळी आदिलाबादही होते, उर्दूच्या बाबतीत हीच गोष्ट फार काळ टिकली. नस्तालीक वळणात अक्षराची उंची त्याच्या पुढे काय येते त्यावर ठरते. त्यामुळे सुट्या खिळ्यांना ते वळण दाद देत नव्हते, आणि कातिबाच्या लेखणीची गरज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत संपली नाही. १९८१ साली 'नूरी नस्तालीक' संगणकीय जुळणीत आले, तेव्हा तेही हजारो अक्षरजोड्या आधीच रेखून ठेवूनच.

नागरीचे खिळे मुंबईत रुजले ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली. त्याच छापखान्यात लहान वयात कामाला लागलेले जावजी दादाजी (१८३९-१८९२) यांनी १८६४ साली स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू या निष्णात पंचकाराची साथ त्यांना होती. निर्णयसागरच्या संस्कृत आणि मराठी ग्रंथांचे देखणेपण पुढे प्रमाण मानले गेले. त्या देखणेपणाचा मोठा भाग म्हणजे मात्रा आपल्या अक्षरावर नेमकी बसलेली असणे.

हे साधण्याच्या दोन पद्धती मराठी छापखान्यांत नांदत होत्या. 'अखंड' पद्धतीत अक्षर आणि मात्रा एकाच खिळ्यावर ओतलेली असत. मात्रेचे अक्षराशी नाते धातूतच घट्ट झालेले असल्यामुळे ते चुकण्याची भीती नव्हती. पण खिळ्यांची संख्या फुगे आणि जुळाऱ्याला घरामागून घर धुंडाळावे लागे. 'डिग्री' पद्धतीत एका ओळीचे तीन मजले होत : मधल्या मजल्यावर अक्षरे, वरच्यावर मात्रा-वेलांट्या-रफार, खालच्यावर उकार. तिन्ही मजले वेगवेगळ्या खिळ्यांनी भरायचे. यात खिळे पुष्कळ कमी लागत. परंतु वरच्या मजल्यावरील मात्रेला खाली कोणते अक्षर आहे याची काहीच खबर नसे. तिची जागा ठरत असे ती तिच्या डावीकडे भरलेल्या कोऱ्या तुकड्यांच्या रुंदीवरून. जुळाऱ्याने मनातल्या मनात खालच्या अक्षरांच्या रुंद्या धरून वरचे तुकडे निवडायचे. एक तुकडा इकडचा तिकडे झाला की पुढचा अनुस्वार शेजाऱ्याच्या डोक्यावर जाई. मात्रेचे आणि अक्षराचे नाते तेथे धातूत नव्हते. ते जुळाऱ्याच्या डोळ्यांत आणि बोटांत होते. जुन्या पुस्तकांत सरकलेला अनुस्वार किंवा तुटलेला उकार दिसला की आपण मुद्रकाला नावे ठेवतो. तीन मजल्यांचा हा हिशेब पानामागून पान चुकू न देणाऱ्या जुळाऱ्यांचे कसब मात्र आपल्या लक्षात येत नाही.

विसाव्या शतकात जुळणी यंत्रावर गेली आणि पेच अधिक घट्ट झाला. १९३०च्या दशकात हरी गोविंद गोविल यांच्या पुढाकाराने नागरी लायनोटाइप आले. त्या यंत्राच्या कळपाटावर नव्वद कळा, आणि त्यातील मातृकांना शेजारच्या मातृकेवर झुकता येत नाही. टंकलेखन यंत्राची मर्यादा याहून कडक. कळ दाबली की कागद ठरलेले अंतर सरकतो. मात्रेसाठी न सरकणाऱ्या कळा बसवल्या, तरी मात्रा पडे ती ठरलेल्या बिंदूवर. खाली क असो, द असो की रुंद 'क्ष' असो, यंत्राला त्याचे सोयरसुतक नव्हते.

अशा परिस्थितीत लिपिसुधारणेची चळवळ उभी राहिली, ही गोष्ट तिच्याविषयी बोलताना विसरता कामा नये. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारलेल्या 'अ'च्या बाराखडीने स्वरांची स्वतंत्र अक्षरे कमी करून 'अि, अी, अु, अू' अशी रूपे सुचवली. काका कालेलकरांनीही त्याच दिशेने प्रयत्न केले. पुढे १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून काढून उजवीकडे द्यावी आणि तिचा दंड आखूड ठेवून ती दीर्घ वेलांटीहून वेगळी ओळखावी, अशी शिफारस केली. यंत्राच्या बाजूने पाहिले तर तर्क बिनतोड होता. उच्चाराचा क्रम आणि लेखनाचा क्रम एक होणार, आणि डावीकडे वळून पाहण्याचे काम संपणार. सुधारकांच्या मनात लिपीविषयी तुच्छता नव्हती. साक्षरतेचा प्रसार, स्वस्त छपाई आणि सरकारी कामात देशी भाषांचा वापर या गोष्टी त्यांना तातडीच्या वाटत होत्या, आणि त्या होत्याही.

तरीही वाचकाने ही वेलांटी स्वीकारली नाही, आणि १९५७ साली ती पुन्हा आपल्या जुन्या जागी आणली गेली. याचे कारण सवय एवढेच सांगितले जाते. माझ्या मते कारण अधिक खोल आहे. वाचक अक्षर आणि मात्रा अलग वाचीत नाही. दोहोंची मिळून होणारी एक आकृती वाचतो. त्या आकृतीत कोण कोठे बसले आहे हाच अर्थाचा भाग असतो. आखूड दंड आणि लांब दंड एवढ्याच फरकावर ऱ्हस्व-दीर्घ सोपवणे म्हणजे जागेने सांगितलेली गोष्ट मापाने सांगायला लावणे. दिशा डोळ्याला झटकन कळते. लांबी मोजावी लागते. महाराष्ट्राचे शासकीय मुद्रण संचालक राहिलेले बापूराव नाईक यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा त्रिखंडी ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१ साली प्रसिद्ध केला. नागरी खिळ्यांच्या या सगळ्या धडपडीचा तो आधारग्रंथ होय.

संगणक आला तेव्हा प्रश्न सुटेल असे वाटले, पण आरंभी जुनाच पेच नव्या वेशात आला. पहिल्या पिढीच्या मराठी फॉन्टांत मात्रेला स्वतःची रुंदी नसे. ती आधीच्या अक्षरावर मागे झुकून छापली जाई. किती झुकायचे ते अंतर मात्र ठाम. म्हणून अरुंद अक्षरासाठी एक रफार, रुंद अक्षरासाठी दुसरा, वेलांटीसह तिसरा, अशी चिन्हे फॉन्टात भरावी लागत, आणि योग्य ते निवडणे अक्षरजुळणी करणाऱ्याकडे असे. डिग्री पद्धतीतला जुळारी आता कळफलकापाशी बसला होता, इतकाच फरक. शिवाय प्रत्येक फॉन्टाची सांकेतिक वाटणी निराळी. एका फॉन्टात जुळवलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांचा गोंधळ होई, कारण साठवले जात होते ते भाषेचे वर्ण नव्हेत, तर त्यांचे सुटे तुकडे होते.

यातून बाहेर पडण्यासाठी दोन पावले टाकावी लागली. पहिले पाऊल साठवण आणि दर्शन वेगळे करण्याचे. १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या 'इस्की' संकेतप्रणालीत, आणि त्याच साली पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोडमध्ये, मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. 'कि' साठवताना क आधी आणि वेलांटी नंतर. पडद्यावर ती डावीकडे नेणे हे दाखवणाऱ्या आज्ञावलीचे काम. लखनौला लिपीकडून मागितलेला उच्चारक्रम अशा रीतीने यंत्राच्या पोटात गेला, आणि वाचकाची वेलांटी जागची हलली नाही.

दुसरे पाऊल जागेचे. त्यासाठी मराठीच्या बाहेर थोडे पाहिले पाहिजे, कारण याच काळात संगणकाच्या पडद्यावर चित्रे, चौकटी आणि बटणे मांडणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता. बटणाची जागा पडद्याच्या कोपऱ्यापासून मोजली, तर चौकट सरकवताच बटण मागे राहते. १९६३ साली इव्हान सदरलंड यांनी 'स्केचपॅड' या प्रणालीत रेखाटनाचे भाग एकमेकांशी नियमांनी बांधून दाखवले. १९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या 'एक्स विंडो' प्रणालीत प्रत्येक चौकटीला एक जनक-चौकट असते आणि तिची जागा त्या जनकाच्या कोपऱ्यापासून मोजली जाते. जनक हलला की त्याची सारी लेकरे बरोबर हलतात. १९९८ च्या 'सीएसएस २' या वेबपानांच्या मांडणीच्या नियमावलीत 'रिलेटिव्ह' आणि 'ॲब्सोल्यूट' असे स्थानाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतील 'ॲब्सोल्यूट' म्हणजे निरपेक्ष हे नावही फसवे आहे. असा घटक आपल्या पूर्वजांपैकी ज्या जवळच्या घटकाने स्वतःचे स्थान असे नेमून घेतले असेल, त्याच्यापासून मोजला जातो. तसा पूर्वज कोणीच न सापडल्यास पानाच्या मूळ चौकटीपासून. खरी निरपेक्ष जागा तेथेही कोणाला नाही.

अक्षरांच्या क्षेत्रात हेच तत्त्व १९९६ साली जाहीर झालेल्या 'ओपनटाइप' या फॉन्टरचनेत आले. तीत प्रत्येक आधाराक्षरावर डोळ्यांना न दिसणारा एक बिंदू नेमता येतो. मात्रेवरही तसाच बिंदू असतो. दाखवण्याच्या वेळी हे दोन बिंदू एकावर एक आणून ठेवले जातात. त्यामुळे क असो वा क्ष, मात्रा त्या-त्या अक्षराला साजेशा जागी बसते. चिन्हावर चिन्ह बसवण्याचीही सोय आहे, म्हणजे 'शर्तींनी'तील अनुस्वाराचा प्रश्न सुटला. ड च्या पोटाखालचा बिंदू निराळा आणि ग च्या दंडाखालचा निराळा. उकार मात्र एकच.

या रचनेचा नागरीला लाभ मिळवून देणाऱ्यांत र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांचे नाव अग्रभागी आहे. सुलेखनकार, कवी आणि मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक असलेल्या जोशींनी विंडोज प्रणालीसाठी 'मंगल' हा फॉन्ट रेखला. विंडोज २००० पासून तो लाखो संगणकांवर पोहोचला. त्याच्या सौंदर्याविषयी मतभेद असू शकतील. पण बोरूने लिहिणाऱ्या हाताला जे ज्ञान होते, ते बिंदूंच्या रूपाने यंत्राला सांगण्याचे काम एका सुलेखनकाराने केले, ही घटना मोलाची आहे. बिंदू कोठे ठेवायचा हे गणिताने ठरत नाही. ज्याने अक्षर हजारदा लिहिले आहे त्यालाच ते कळते.

ही जागा किती निर्णायक असते हे मराठीने स्वतःच्या एका खास चिन्हातून दाखवून दिले आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत विद्वान आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे. दोन्हीकडे र आणि य, क्रमही तोच. एकात र चा रफार होऊन माथ्यावर जातो, दुसऱ्यात तो य च्या डाव्या अंगाला चिकटतो. केवळ जागेने अर्थ बदलतो. शेजारच्या हिंदीला या भेदाची गरज नसल्यामुळे, त्यासाठी युनिकोडमध्ये ऱ हे अक्षर आणि हलन्त अशी वेगळी व्यवस्था वापरावी लागली. 'ॲ' हे अक्षर तर २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, मिळाले. कोट्यवधींची भाषा असूनही मराठीला हे मागून मिळाले. मग लहान भाषांची काय कथा?

याचे उत्तर पुन्हा आदिलाबादकडे नेते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद संस्थानाच्या या जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्याकडे, म्हणजे पुढे महाराष्ट्राकडे, आले. उरलेला जिल्हा तेलुगू राज्यात राहिला, आणि २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले. सीमा आखली गेली तरी तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी आणि उर्दू या भाषा तेथे शेजारी शेजारी राहिल्या. याच जिल्ह्यातील नारनूर मंडळात गुंजाळा नावाचे गाव आहे. तेथे गोंडी भाषेची, स्वतंत्र लिपीत लिहिलेली हस्तलिखिते २००६ च्या सुमारास अभ्यासकांसमोर आली. त्यांच्या अभ्यासात जयधीर तिरुमल राव यांचा पुढाकार होता. 'गुंजाळा गोंडी' या नावाने ही लिपी २०१८ साली युनिकोडच्या ११.० आवृत्तीत समाविष्ट झाली. त्याआधीच्या वर्षी, मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली तयार केलेली गोंडी लिपी 'मसराम गोंडी' म्हणून समाविष्ट झाली होती.

गुंजाळा लिपीतही व्यंजन हा आधार आहे आणि स्वरखुणा आश्रित आहेत. काही बाजूला, काही माथ्यावर. नागरीने जे टप्पे ओलांडले, म्हणजे सातशे पंच, तीन मजली ओळ, नव्वद कळा, वेलांटीची हद्दपारी, ते या लिपीच्या वाट्याला आले नाहीत. ती हस्तलिखितातून थेट बिंदूंच्या युगात आली. हे तिचे भाग्य म्हणता येईल, पण त्यात एक धोकाही आहे. नागरीचे बिंदू ठरवताना निर्णयसागरच्या पंचकारांपासून जोशींपर्यंतचा अनुभव हाताशी होता. गोंडीच्या खुणा अक्षरावर किती उंच, किती कलत्या बसाव्यात, हे सांगू शकणारे हात थोडे आहेत. ते गावातच आहेत. त्यांना विचारल्यावाचून एखाद्या दूरच्या कार्यालयात ठरलेला बिंदू पुढे पिढ्यान्पिढ्या प्रमाण होऊन बसेल, कारण यंत्रात एकदा ठरलेली गोष्ट लोक लिपीचा नियम समजू लागतात. नागरीने हा अनुभव घेतलेला आहे.

या इतिहासातून एक गोष्ट हाती लागते. जोवर यंत्र जागा स्वतःपासून मोजत होते, तोवर लिपीने वाकावे अशी अपेक्षा होती. यंत्र अक्षरापासून मोजायला शिकले, आणि वाकण्याचे कारणच उरले नाही. मधल्या काळात लिपी टिकली ती आखूड दंडाची वेलांटी नाकारणाऱ्या वाचकांमुळे आणि तीन मजले नीट जुळवणाऱ्या अनाम हातांमुळे. आज तलमडुगु हे नाव मराठीत उमटते तेव्हा ड चा उकार ड च्या पोटाखाली आणि ग चा उकार ग च्या दंडाखाली जातो. तेलुगूत तेच उकार आपापल्या अक्षरांच्या उजवीकडे उभे राहतात. त्याच जिल्ह्यातल्या गोंडी लिपीच्या खुणांनाही गावातल्या हातांनी सांगितलेली जागा मिळाली, तर हे काम पुरे झाले असे म्हणता येईल.